मिस लुव्हीचे शंभर यार्ड

ब्रॅकन युनिव्हर्सिटीत शिकून गेलेल्या कुणालाही कुलगुरूंचं नाव विचारा, बिचारा डोकं खाजवेल. मिस लुव्हीचं नाव काढा, लगेच चेहरा खुलेल. एकतीस वर्षं ही बाई मोठ्या जेवणघराच्या दारात उंच स्टुलावर बसली. पोरांनी कार्ड पुढे करायचं, हिने ते यंत्रातून सर्रकन ओढायचं, यंत्र पीं करायचं आणि पोरगं आत जायचं, एवढंच काम. पण तेवढ्यात ती पोराचा चेहरा वाचून मोकळी व्हायची. कुणाचं कुणाशी फाटलं, कुणी दोन दिवस धड खाल्लेलं नाही, कोण आईच्या आठवणीने न्हाणीघरात रडून आलंय, सगळं तिला कळायचं.

"काय रे बाळा, डोळे का असे? झोपला नाहीस ना?"

"मिस लुव्ही, उद्या रसायनशास्त्राची परीक्षा आहे हो!"

"उद्या आहे ना? मग आज अंडी खा. आणि नुसता केक घेऊन बसलास तर मला इथून दिसतं बरं का."

पोरगं मुकाट्याने अंडी घ्यायचं. मैत्रिणीच्या कार्डावर आत घुसू पाहणाऱ्यांची मात्र तिच्यापुढे डाळ शिजायची नाही. "तू मेरी एलिझाबेथ? मिशी छान वाढवलीस गं!" असं ती भर रांगेत म्हणायची आणि तो सहा फुटी घोडा लाजून मागे फिरायचा.

नाव लुव्हीनिया स्प्रूइल. पण उत्तर कॅरोलिनात वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं म्हणजे आईबापांनी वळण लावलं नाही असं जाहीर करणं. म्हणून तीन नातवंडं झाली तरी ती 'मिस'. नवरा क्लिओफस शहराची बस चालवून निवृत्त झालेला, दिवसभर अंगणात टोमॅटोंशी बोलायचा.

आता ही दारातली बाई त्याच युनिव्हर्सिटीची विद्यार्थिनीसुद्धा आहे, हे पुष्कळांना ठाऊकच नसायचं. तिथे नोकरी करणाऱ्याला दर सत्रात एक कोर्स फुकट करता येतो. बहुतेक लोक ही सवलत आपल्या पोरांसाठी राखून ठेवतात, नाहीतर विसरून जातात. मिस लुव्हीने २००२ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, स्वतःचं नाव घातलं. पदवीला चाळीस कोर्स लागतात. एक शरदात, एक वसंतात, एक उन्हाळ्यात. बोटं मोजा आणि बघा किती वर्षं होतात ते.

"म्हणजे तू साठीला पदवीधर होणार," क्लिओफस तेव्हा म्हणाला होता.

"साठीची तर मी तशीही होणारच आहे. पदवी नसली म्हणून काय पन्नाशीत थांबणार आहे का?"



विषय कुठला घ्यायचा, हेही तिने असंच ठरवलं. दुपारचं जेवण दोनला आटोपायचं आणि रात्रीच्या जेवणाला साडेचारला दार उघडायचं. मधले अडीच तास तिचे. त्या अडीच तासांत वर्ग घेणारे विभाग तिने वेळापत्रकात शोधले. शास्त्रवाले सकाळी आठपासून भांडी वाजवत बसायचे. इतिहासवाले दहाला. दुपारी दोनच्या आधी ज्यांना जागच येत नाही असा एकच विभाग निघाला, तो म्हणजे तत्त्वज्ञान. झालं, मिस लुव्ही तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी!

क्लिओफसला आयतंच कोलीत मिळालं. "लुव्ही, आज रश्श्यात मीठ आहे का?"

"आहे की."

"नाही, म्हणजे खरंच आहे, की आपल्याला आहे असं वाटतं?"

"तुझ्या ताटातलं काढून घेते, मग ठरव."

सुरुवात काही सोपी गेली नाही. पहिल्याच निबंधावर प्राध्यापकांनी लाल शाईत लिहिलं, 'मला भेटा.' झालं! तिला वाटलं, आता नाव कापणार. शाळेत 'मला भेटा' म्हणजे मुख्याध्यापकांकडे, आणि मुख्याध्यापकांकडे म्हणजे घरी चिठ्ठी. प्राध्यापकांच्या दारावर पाटी होती, मंगळवार आणि गुरुवार, तीन ते चार, कार्यालयीन वेळ. तिने त्याचा अर्थ लावला की या वेळात साहेब कामात असतात, कुणी त्रास देऊ नये. सबंध सत्रभर ती बरोबर तीन ते चार सोडून बाकीच्या वेळी त्या दारावरून जायची आणि दार बंद बघून सुस्कारा टाकायची. शेवटी एका विद्यार्थिनीनेच रांगेत तिला सांगितलं, "अहो मिस लुव्ही, ती वेळ तर आपल्यासाठीच असते! नुसतं आत जाऊन बसायचं." तिच्या घराण्यात आजवर कुणी युनिव्हर्सिटीची पायरी चढलेलं नव्हतं, कोण सांगणार या गोष्टी? पुढे मात्र असा एक मंगळवार गेला नाही की ती तिथे खुर्ची अडवून बसली नाही. प्राध्यापक कंटाळले असतील, पण तिला जायला सांगायची कुणाची छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी जेवायला त्याच दारातून जायचं होतं ना!

असे चाळीस कोर्स झाले. ज्या पोराचं कार्ड बाराला ओढायचं त्याच्याच शेजारी अडीचला बाकावर बसायचं. गटाचं काम आलं की चार पोरं ऐनवेळी गायब आणि सगळं लिखाण हिच्या गळ्यात. मग दुसऱ्या दिवशी दारात त्या चौघांची खरडपट्टी. चौदा वर्षं हेच. आणि २०१६च्या जानेवारीत ती पदवीचा अर्ज घेऊन नोंदणी कार्यालयात गेली. नोकरीचा राजीनामाही तिने देऊन टाकला होता. गुडघे स्टुलावरून उतरायला तयार नसत, म्हणून तीस जूनला निवृत्ती. त्याआधी मे महिन्यात काळा झगा, चौकोनी टोपी आणि पदवी. मग घरी जाऊन टोमॅटो.

खिडकीत मिस्टर टिलरी होते. बोटभर बो टाय लावणारा सज्जन माणूस, पण नियमाला असा चिकटणारा की पाटीवर 'ढकला' लिहिलेलं दार आतून उघडं असलं तरी ढकलूनच यायचा. त्यांनी तिचा पदवीचा तक्ता उघडला, खालपर्यंत गेले आणि चष्मा वर केला.

"मिस लुव्ही, एक गोष्ट राहिलीय."

"चाळीस मोजून दिलेत मी तुम्हाला."

"कोर्स पूर्ण आहेत. पोहण्याची परीक्षा राहिलीय."

"कसली?"

"पोहण्याची. शंभर यार्ड. तलावाच्या चार फेऱ्या. शारीरिक शिक्षणाखाली."

मागे उभ्या असलेल्या पोराला हसू आलं. "मिस लुव्ही, आम्हाला कुठे आहे पोहणं? असलं काही नसतं."

"तुम्हाला नाही," टिलरी म्हणाले. "तो नियम २००८ साली काढून टाकला. पण माणूस ज्या साली नाव घालतो त्या सालचं नियमपुस्तक त्याला लागू. मिस लुव्हींचं २००२ सालचं आहे. त्यात पोहणं आहे."

"अहो, मग मला नवं पुस्तक द्या!"

"देतो की. अर्ज भरा, आजच बदलतो. पण नव्या पुस्तकात पोहण्याऐवजी परकीय भाषा आहे. चार कोर्स, एकामागून एक."

मिस लुव्हीने मनात मोजलं. चार कोर्स म्हणजे सव्वा वर्ष. आणि नोकरी जूनमध्ये संपली की फुकट कोर्सही संपले. म्हणजे एक तर मेच्या आत चार फेऱ्या, नाहीतर काहीच नाही. हातातोंडाशी आलेला घास आणि मध्ये हे तळं!

"संपूर्ण युनिव्हर्सिटीत २००२च्या पुस्तकावर आणखी कोण आहे?" तिने विचारलं.

टिलरींनी यंत्रात बघितलं. "तुम्हीच."

हा नियम मुळात आला कुठून, याची ब्रॅकनमध्ये एक दंतकथा आहे. म्हणे कुण्या श्रीमंत बाईचा मुलगा बुडाला आणि तिने देणगी देताना अट घातली. नीट चौकशी केली तर असली बाई प्रत्येक युनिव्हर्सिटीत निघते आणि मुलगा कुठेच बुडालेला नसतो. कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि छापलं, एवढंच खरं. आणि छापलेलं पुसायला इथे पन्नास वर्षं लागतात.

आता खरं सांगायचं तर मिस लुव्हीला हे अगदीच नवीन नव्हतं. दरवर्षी तक्त्याच्या तळाशी ती ओळ असायचीच. चौदा वर्षांत तिला सात सल्लागार झाले. पहिला म्हणाला, नोकरदारांना सूट असेल बहुतेक, आणि बाकीच्या सहांनी पहिल्यावर विश्वास टाकला. तिनेही कधी खोदून विचारलं नाही. तक्ता हातात आला की ती बरोबर त्या ओळीवर अंगठा ठेवून वरचं वाचायची. पोरांना ती येता-जाता सांगायची, अवघड विषय पहिल्या वर्षी उरकून टाका. दुसऱ्याला सांगायला आपण सगळेच शहाणे.

घरी आल्यावर तिने पर्स टेबलावर आपटली. क्लिओफसने सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच थट्टा केली नाही. तो पोहायला नदीत शिकला होता. तेव्हा मुलगे नदीवर जायचे. मुलींना घरून परवानगी नसायची.

"पाण्यात पडलं की पोहता येतं गं," तो म्हणाला.

"दगडालाही पडलं की येतं का?"

"तू सोडून दे ना मग. चाळीस कोर्स केलेस, ते कुणी काढून घेणार आहे का? आख्ख्या चर्चला माहीत आहे तू काय शिकलीस ते."

"चर्चला माहीत असून काय करू? मला तो कागद हवा, क्लिओ. माझ्या नावाचा. चौदा वर्षं मी दुसऱ्यांची पोरं त्या झग्यात चालताना पाहिली, प्रत्येक मे महिन्यात टाळ्या वाजवल्या. मला एकदा तरी त्या बाजूने चालायचंय." तिने टेबलावरची पर्स उचलली आणि पुन्हा आपटली. "आणि तू तो टोमॅटोचा चिखल बाहेर पूस आधी!"

सोमवार, बुधवार, दुपारी अडीच, नवशिक्यांचा वर्ग. कोच डोना हॅस्किन्स ओहायोहून आलेली, अठ्ठावन्न वर्षांची, गळ्यात शिट्टी, बोलणं तोडून टाकल्यासारखं. वर्गात सात पोरं आणि मिस लुव्ही. पोरांची पाण्यापेक्षा तिच्यापुढेच जास्त पंचाईत. आजवर हिला जाळीची टोपी आणि एप्रनशिवाय कुणी पाहिलेलं नव्हतं; तीही टॉवेल असा गुंडाळून आली होती की पोपसुद्धा इतका झाकलेला नसतो.

"काय बघता रे? तुम्हाला मी पायजम्यात, तापात, आणि त्या हॅलोविनला केळ्याच्या वेषात पाहिलंय. कधी काही बोलले का?"

"नाही, मिस लुव्ही!"

"मग वळा तिकडे."

पोरं वळली. ती पायरी पायरीने उतरली. पाणी कमरेला लागलं तसं तिने काठ असा धरला की कोचला एकेक बोट सोडवावं लागलं.

पहिले तीन आठवडे ती नुसती तोंडाने बुडबुडे काढत होती. एकसष्ट वर्षांची बाई, तत्त्वज्ञानाची पदवी तोंडाशी आलेली, आणि बुडबुडे! नेब्रास्काची ॲनिका नावाची एकोणीस वर्षांची मुलगी तिच्याइतकीच घाबरट होती. दोघी एकमेकींचा हात धरून डोकं पाण्यात घालायच्या आणि एकमेकींना दोष देत बाहेर यायच्या.

केसांचं आणखी वेगळंच. दर शनिवारी मिस लुव्ही रविवारच्या चर्चसाठी दोन तास बसून केस गरम कंगव्याने सरळ करून घ्यायची. सोमवारी पाणी लागलं की सगळ्याची माती. एकावर एक दोन रबरी टोप्या घातल्या तरी पाणी शिरायचंच. केस करणारी म्हणाली, "एक तर पोहणं सोड, नाहीतर मला सोड." शेवटी मिस लुव्हीने केस पार बारीक कापून टाकले. रविवारी चर्चमध्ये पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी मान वळवून वळवून पाहिलं. क्लिओफस एवढंच म्हणाला, "तीस वर्षांची दिसतेस," आणि त्या दिवशी त्याला पीच घातलेल्या गोड 'पाय'चा चांगला मोठा तुकडा मिळाला.

मार्चमध्ये ती उताणी तरंगायला लागली. कोचने मानेखाली हात धरला होता, मग दोन बोटं, मग काहीच नाही, आणि मिस लुव्ही छताकडे बघत म्हणाली, "सोडू नका हं, कोच." कोच तेव्हा चार हात लांब उभी होती. एप्रिलमध्ये उताणीच हातपाय मारत एक फेरी झाली. महिनाअखेर दोन. तीन कधीच झाल्या नाहीत. तिसरीत, दम संपत आलेला असताना, मध्यावर पुन्हा खोल पाणी यायचं, तिला डोळ्याच्या कडेने निळा रंग गडद झालेला कळायचा आणि छातीत असं काही व्हायचं की हात आपोआप काठ शोधायचे.

आणि परीक्षेचा दिवस आला. गुरुवार, मे महिन्यातला पहिला. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पदवीच्या मुलांचे सगळे निकाल नोंदणी कार्यालयात पोचायला हवेत, नंतर आलेला कागद टिलरी आपल्या आईचाही घेणार नाहीत. मिस लुव्हीने मुद्दाम दोनची वेळ मागितली होती. पोरं परीक्षांना, तलाव रिकामा. फक्त ती आणि कोच. कोचने जुनं छापील पान कुठल्यातरी खणाच्या तळातून काढलं होतं. सहा वर्षांत ही परीक्षा कुणाची घेतलीच नव्हती.

"नियम सांगते. कुठल्याही प्रकारे पोहा. वेळेचं बंधन नाही. भिंतीला हात लावून वळायचं, धरून थांबायचं नाही. तळाला पाय नाही. पट्ट्यांमधल्या तरंगत्या दोरीला हात नाही. कळलं?"

"कळलं."

"मग जा."

पहिली फेरी झाली. दुसरी झाली. तिसरीत ती खोल भागावर आली आणि छातीत तेच सुरू झालं, पण या वेळी ती मोठमोठ्याने चर्चचं भजन म्हणायला लागली. तोंडात पाणी गेलं, खोकली, पुन्हा म्हणायला लागली. तिसरी झाली. कोच काठाने तिच्याबरोबर चालत होती आणि नकळत तीही तेच गुणगुणत होती. चौथी सुरू. अर्धी झाली. मग मिस लुव्ही जरा वाकडी गेली, डोकं खाली गेलं, नाकात पाणी शिरलं आणि तिचा उजवा हात शेजारच्या दोरीवर पडला. पडला आणि धरला. एक श्वास, फार तर दीड. मग सोडला आणि ती उरलेलं अंतर पोहून भिंतीला लागली.

"शाब्बास!" कोच गुडघ्यांवर बसून ओरडली. "शाब्बास, मिस लुव्ही! सही करते!"

मिस लुव्ही काठाला धरून धापा टाकत होती.

"कोच, मी दोरी धरली."

"मी नाही पाहिलं."

"मी पाहिलं ना."

"अहो, एक सेकंद. शंभर यार्ड तुम्ही पोहलात. मी इथे उभी होते. कुणाला काय फरक पडतो?" कोचने पेन काढलं होतं. "उद्या बारा वाजेपर्यंत कागद द्यायचाय. मला सही करू द्या."

"नका करू," मिस लुव्ही म्हणाली. शिडी चढून वर यायला तिला दोन वेळा थांबावं लागलं. ती बाकावर बसली, टॉवेल खांद्यावर घेतला.

"रागावू नका, कोच. पण प्रत्येक पेपरच्या खाली मी लिहून देते ना, कुणाची मदत घेतली नाही म्हणून? चाळीस वेळा लिहिलं. एक्केचाळिसाव्याला खोटं लिहू?"

"त्या एका सेकंदासाठी पदवी घालवणार? हा कसला हट्ट?"

मिस लुव्हीने टॉवेलचं टोक पिळून काढलं. मग म्हणाली, "तुम्ही ओहायोच्या. तुम्हाला ठाऊक नसेल. माझ्या गावात बागेत तलाव होता. मोठा. निळाशार. गोऱ्यांसाठी. आम्ही काळी पोरं कुंपणातून बघायचो. त्रेसष्ट साली मी आठ वर्षांची होते, तेव्हा कोर्टाने सांगितलं, तलाव सगळ्यांचा आहे. आईने मला पोहण्याचा पोशाख शिवला. पिवळा. उन्हाळ्यात तलाव उघडायचा त्या दिवशी मी तो घालून सकाळी सातला कुंपणापाशी उभी. माझ्यासारखी पंधरा-वीस पोरं. गोरी पोरंही आलेली, दुसऱ्या बाजूला."

"मग?"

"मग ट्रक आले. नगरपालिकेचे. त्यांनी तलाव सिमेंटने भरला. आमच्या डोळ्यांदेखत. आम्हाला आत घेण्यापेक्षा त्यांनी कुणालाच न घेणं पसंत केलं. दुपारपर्यंत वर सपाट झालं. गोरी पोरंसुद्धा रडत होती, त्यांचा काय दोष!" तिने नाक पुसलं. "मी घरी जाऊन तो पोशाख काढला आणि म्हटलं, मला नाहीच आवडत पाणी. इतकी वर्षं हेच म्हणत आले, कोच. स्वतःलासुद्धा. आता आत शिरलेय तर दोरीला धरून नाही जायचं मला बाहेर."

कोचचे डोळे लाल झाले होते आणि ते लपवण्यासाठी तिने घड्याळात बघितल्यासारखं केलं.

"तीनला पाच कमी आहेत," ती शेवटी म्हणाली. "वीस मिनिटं बसा. पाणी प्या. हे केळं खा. मग पहिल्यापासून. आणि भजन बदला, ते फार संथ आहे."

"ते संथच म्हणतात."

"मग जरा खालच्या आवाजात म्हणा. तोंडात पाणी जातंय."

सव्वातीनला मिस लुव्ही पुन्हा उतरली. गुडघे दुखत होते, खांदे दुखत होते, खरं तर शरीरात न दुखणारी जागा शोधावी लागली असती. ती दोरीपासून चांगली चार हात लांबून निघाली. पहिली. दुसरी. तिसरीत निळं गडद झालं. ती त्याच्यावरून गेली. छातीत झालं तेच, पण हात चालत राहिले. चौथी फार हळू झाली. एखादं बदक कंटाळून पुढे निघून गेलं असतं इतकी हळू. कोच काठाने पावलापावलाने चालत होती, शिट्टी तोंडात धरलेली, वाजवायची विसरून. मिस लुव्हीची टोपी भिंतीवर टक्कन आपटली तेव्हाच तिला कळलं की भिंत आली.

"शंभर!" कोच किंचाळली. "झालं! शंभर झाले, मिस लुव्ही! कुठे हात नाही, कुठे पाय नाही! मी पाहिलं, मी सगळं पाहिलं!"

मिस लुव्ही हसत होती आणि रडत होती, आणि तोंडावर सगळं पाणीच असल्यामुळे काय किती ते कळत नव्हतं. कोचने पान गुडघ्यावर ठेवून तिथल्या तिथे सही ठोकली आणि हात पुढे केला. "या वर. मी स्वतः नेऊन देते टिलरींना. या."

मिस लुव्हीने तो हात धरला नाही. तिने मागे वळून रिकाम्या तलावाकडे पाहिलं. पार त्या टोकापर्यंत.

"थांबा हो जरा. एक अजून मारते."

"अजून कशाला? चारच लागतात!"

"त्या चार युनिव्हर्सिटीच्या होत्या," मिस लुव्ही म्हणाली. "ही त्या आठ वर्षांच्या पोरीची."

तिने पायांनी भिंत ढकलली आणि उताणी होऊन निघाली, अजिबात घाई न करता. जेवणघराचं दार साडेचारला उघडायचं होतं, अजून वेळ होता. कोच पान हातात धरून काठावर बसली आणि बुटांसकट पाय पाण्यात सोडून तिच्याकडे बघत राहिली.